बुवांच्या तंबोऱ्यावर चालवलेली कानस

तंबोरा दुरुस्त करणाऱ्याला कसली आलीय भीती, असं लोक मला विचारतात. वीजवाला घाबरला, साप पकडणारा घाबरला तर समजू शकतं. म्हातारा भोपळ्याला घाबरतो म्हटल्यावर हसतात. हसू देत. कपडा उसवला तर टाका घालता येतो, आमटीत मीठ जास्त पडलं तर पाणी वाढवता येतं. शिंग आणि लाकूड एकदा घासलं की घासलं. खाली पडलेला भुसा गोळा करून परत चिकटवता येत नाही. म्हणून ज्याच्या हातात कानस आहे त्याने घाबरलेलं बरं. मी जवळजवळ पन्नास वर्षं घाबरून काम केलं. एकदाच घाबरलो नाही. त्या एकदाचं सांगायला बसलोय.

माझं नाव जाधव. कल्याण पूर्वेला चाळीत पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. शाळा चौथीपर्यंत. हे सगळं माझ्या हाताने लिहिलेलं आहे. नातीने ऱ्हस्व-दीर्घ बघून दिलं. ती वाक्यं सुधारायला लागली तेव्हा मी वही काढून घेतली.

मूळचा मी सुतार. विशीत असताना ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात फळ्या ठोकायला गेलेलो. दुकान मिरजेकडच्या एका कारागिराचं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी फळी ठोकतोय आणि चाचा तंबोऱ्याच्या तारा मिळवतायत. मी म्हटलं, "चाचा, ती तिसरी तार खोटं बोलतेय." चाचांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "हातोडी ठेव. इकडे ये." परत सुतारकामाला गेलो नाही. फळ्या अर्ध्याच राहिल्या.

ज्यांनी गाणं फक्त टीव्हीवर बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो. गाणाऱ्याच्या मागे दोघं जण उंच वाद्य उभं धरून बसलेले असतात, तो तंबोरा. तारा चारच. त्या एकामागून एक छेडायच्या, संपल्या की परत पहिलीपासून. सूर बदलत नाही. गाणारा त्या आवाजावर उभा राहतो, आपण जमिनीवर राहतो तसा. खाली भोपळा असतो, खराखुरा, शेतात पिकलेला आणि वाळवलेला. त्याच्या तोंडावर लाकडी तबली, तबलीवर घोडी. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती रुंद पट्टी, जुन्या वाद्यांत वरून शिंगाची. ती किंचित गोल असते, इतकी किंचित की डोळ्याला सपाटच वाटते. तार थरथरताना त्या गोलाईला घासत राहते आणि त्यातून झंकार निघतो. त्याला जवारी म्हणतात. घोडी सपाटीकडे घासली की जवारी उघडते, आवाज झणझणतो. कडा उतरवून गोल केली की जवारी बंद होते, आवाज आतल्या आत राहतो. तारेखाली एक सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला तरी फरक पडतो. धंदा एवढाच. कानस दोनदा फिरवायची, तारा चढवायच्या, मिळवायच्या, ऐकायचं, तारा उतरवायच्या, परत एकदा फिरवायची.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. टिटवाळ्याचे एक मास्तर रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा धरून आले. गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि भोपळा दांडीवर आपटला. दुकानात येऊन म्हणतात, "काका, विशेष काही झालेलं नाही, जरा आवाज बसलाय." मी खोळ काढली तर भोपळ्याला आरपार चीर. भोपळा फुटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही, पापड मोडल्यासारखा होतो. मास्तरांना खरंच कळलं नव्हतं. दोन महिने मी आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवत होतो. एकेक पट्टी वाळताना चीर वाढेल या भीतीने दुकानाचा पंखासुद्धा लावला नाही. वाचला तो भोपळा.

ठाण्याच्या एका टॉवरमधला गृहस्थ आजोबांचा तंबोरा घेऊन आला. म्हणाला, "यात बल्ब बसवून द्या. हॉलच्या कोपऱ्यात छान दिसेल."

मी म्हटलं, "आजोबांचा फोटो आहे घरी?"

"आहे ना."

"मग त्यात बसवा."

तो गेल्यावर आमच्या सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, आतून विचारलं, "घालवलंत का यालाही?" मोबाईलमध्ये तंबोरा आल्यापासून गिऱ्हाईकं तशीही कमी झालेली. बटण दाबलं की वाजतो, फुटत नाही, मिळवावा लागत नाही. त्याला काय नावं ठेवायची. पण आहे त्यातलंही मी एखादं घालवतो, हे तिचं म्हणणं खरं आहे.

आता बुवांच्या दिवसाकडे येतो. डोंबिवलीत एक बुवा होऊन गेले, बंदिशी रचणारे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. बाकीचे रचणारे शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतात, बुवांनी एकाही बंदिशीत घातलं नाही. मी त्यांना कधी भेटलो नाही, मला हे काम मिळालं त्याच्या आधीच ते गेलेले. दर जानेवारीत एका रविवारी त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त बुवांच्या बंदिशी गातात. दुसऱ्या कोणाची एक ओळ नाही. मोठ्यातला मोठा गवई आला तरी त्याने बुवांचंच गायचं, नाहीतर खाली बसून ऐकायचं. आणि स्टेजवर बुवांचीच तंबोऱ्यांची जोडी. वर्षभर ती जोडी विमलताईंच्या घरी खोळीत असते. त्या एका दिवशी बाहेर येते.

विमलताई म्हणजे बुवांच्या हयात शिष्यांत सगळ्यात जुन्या. शाळेत मास्तरीण होत्या. आता ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. त्या दिवसाची एक रीत आहे. सकाळी नऊ वाजता जोडी सुरू करतात. सगळे शिष्य स्टेजवर तोंड मिटून बसलेले. ताई खाली पहिल्या रांगेत. त्या ऐकतात. आवाज पटला की उजवा हात वर करतात, आणि मग सगळे मिळून बुवांची भैरव रागातली बंदिश सुरू करतात. ताईंचा हात वर होत नाही तोवर कोणी सूर लावत नाही.

जोडी आठ दिवस आधी माझ्याकडे यायची. बावीस वर्षं. पहिल्यांदा ताईंच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला आडनाव, गाव, काही विचारलं नाही. बाकीचे आधी ते विचारतात. ताईंनी मी तंबोरा कसा उचलतो तेवढं बघितलं. तेव्हा त्यांना दिसत होतं. मग म्हणाल्या, "तारा बदला. खुंट्या बघा. पुसा. घोडीला हात लावायचा नाही." दरवर्षी हेच चार हुकूम, आणि जोडी परत न्यायच्या आधी फोन, "जाधव, घोडीला हात नाही ना लावलात?" मी म्हणायचो, "नाही, ताई." खरंच लावलेला नसायचा.

पण तो हुकूम मला टोचायचा. जोडीतला उजवा तंबोरा चांगला बोलायचा. डाव्याची जवारी बंद. घोंगडी पांघरून कोणी बोलावं तसा आवाज. चाचा म्हणायचे, बंद जवारी म्हणजे कारागिराच्या तोंडाला कुलूप. हॉलमध्ये ठाण्या-मुंबईचे जाणकार येतात. त्यांना माहीत असतं की जोडी कल्याणच्या जाधवांच्या हातची. त्यांना वाटत असणार, जाधवला जवारी काढता येत नाही. बावीस वर्षं मी हे गिळलं.

गेल्या वर्षी जोडी घेऊन श्रीकांत आला. हा ताईंचा भाचा, बँकेतून रिटायर झालेला, त्या दिवसाची सगळी व्यवस्था तोच बघतो.

"काका, यंदा रेकॉर्डिंग आहे. तीन कॅमेरे. परदेशात बसून लोक बघणार. जोडी जरा बोलली पाहिजे."

"डावा नाही बोलत. त्याची जवारी बंद आहे."

"मग उघडा की. तुम्हाला काय अवघड आहे?"

"ताईंचं ऐकलंय ना तुम्ही?"

"मावशीचं मी बघतो हो."

दोष मी श्रीकांतवर टाकत नाही. तो बोलला नसता तरी कधीतरी मी ते केलंच असतं. मंगळवारी सकाळी सुमन भाजीला गेलेली. मी डाव्याच्या तारा उतरवल्या, कानस घेतली आणि घोडीवर चालवली. हात अजिबात थरथरला नाही. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. चाळीस मिनिटांत जवारी उघडली. काय आवाज होता तो. देवळातली घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात राहतो तसा. मी एकटाच बसून ऐकत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

सुमन पिशवी घेऊन आली आणि दारातच थांबली. "हा कोणाचा तंबोरा?"

"बुवांचा."

"बुवांचा असा नाही."

"तुला काय कळतं?"

"मला गाण्यातलं नाही कळत. पण बावीस वर्षं तो वाजत असताना मी आत भाकऱ्या थापल्यात. अहो, घोडीला हात लावलात?"

मी तारा पुसायला लागलो. ती म्हणाली, "ताईंना फोन करा."

"करतो."

केला नाही. म्हटलं, ऐकतील तेव्हा खूशच होतील. शुक्रवारी त्यांचाच फोन आला. "जाधव, घोडीला हात नाही ना लावलात?"

"नाही, ताई."

तोंडातून निघून गेलं. बावीस वर्षांची सवय, असं मी स्वतःला सांगितलं, पण सवय नव्हती. घाबरलो होतो. आणि त्या वर्षी ताईंनी नेहमीसारखा लगेच फोन ठेवला नाही.

"आज सांगते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "कधी सांगितलं नाही. बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज निम्मासुद्धा उरला नाही. उघड्या तंबोऱ्यात तो बुडायचा. मग एके दिवशी त्यांनी स्वतः कानस मागवली आणि डाव्याची जवारी बंद केली. तीन दिवस घासत होते. आपल्या आवाजाला बसायला जागा केली म्हणाले. शेवटच्या सगळ्या बंदिशी त्या तंबोऱ्यावर झाल्या. रेकॉर्डिंग त्यांनी कोणाला करू दिलं नाही. आता मला फोटोही दिसत नाही. वर्षातून एकदा तो तंबोरा वाजतो तेवढा वेळ बुवा समोर बसलेले असतात."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला आणि घोडीकडे बघितलं. बुवांनी तीन दिवस केलेलं मी चाळीस मिनिटांत काढून टाकलेलं.

शनिवारी दिवसभर प्रयत्न केला. दोरा जाड घालून बघितला, लोकरीचा घालून बघितला, रेशमाचा, दुहेरी. आवाज दबला, पण तो नाही. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा तसा. परत गोल करायचं तर कडा उतरवायच्या, म्हणजे आणखी शिंग जाणार. कानस उचलली तर हात थरथरायला लागला. खाली ठेवली. परत उचलली. अशा हाताने घासलं असतं तर होतं तेही गेलं असतं.

सुमन म्हणाली, "अजून वेळ आहे. फोन करा आणि सांगून टाका."

"काय सांगू?"

"जे केलंत ते. का तुमचा ताठा त्या भोपळ्यात भरून पाठवणार आहात उद्या?"

नाही केला फोन.

रविवारी हॉलमध्ये मी नेहमीसारखा स्टेजच्या बाजूला पडद्याआड उभा. दोन मुली जोडी घेऊन बसल्या. कॅमेरेवाले सज्ज. ताईंना श्रीकांतने हाताला धरून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. नऊ वाजता जोडी सुरू झाली. डावा झणझणला. हॉलमधल्या दोन-चार जणांनी माना डोलावल्या. वा, असं कोणीतरी हळूच म्हणालं. एरवी त्या 'वा'साठी मी जीव टाकला असता. त्या दिवशी मी भिंत धरून होतो.

ताईंचा हात मांडीवर. तो हललाच नाही. एरवी चार-पाच आवर्तनांत वर होतो. दहा झाली. वीस झाली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, पण बोटं चालू. कोणी खोकलं. श्रीकांत खाली वाकून ताईंच्या कानाशी काही बोलला. ताईंनी मान हलवली आणि साध्या आवाजात विचारलं, "जाधव आहेत का?"

पडद्यापासून पहिल्या रांगेपर्यंत पंधरा पावलं असतील. जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी."

"शुक्रवारी मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"घाबरलो, ताई."

"घासताना घाबरायला पाहिजे होतं."

एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. मग श्रीकांतला म्हणाल्या, "गाऊ दे त्यांना." हात वर केला नाही. बुवांचा दिवस हात वर न होता सुरू झाला. स्टेजवरच्यांना कळलं, मागच्यांनाही कळलं. दिवसभर सगळे बुवांच्या बंदिशी गात होते आणि मी पडद्याआड एकेक तार ऐकत होतो. पळून जावंसं वाटत होतं, पण मध्ये तार तुटली तर कोण बदलणार, म्हणून संध्याकाळपर्यंत उभा राहिलो.

काम गेलं असंच मी धरून चाललो. महिनाभराने ताईंचा फोन आला.

"जोडी यापुढे तुमच्याकडे पाठवणार नाही."

"बरोबर आहे, ताई."

"पुरतं ऐका. पाठवणार नाही. तुम्ही इकडे यायचं. कानस घेऊन."

श्रीकांतचं म्हणणं होतं की सरळ नवी घोडी बसवू. ताई म्हणाल्या, "बुवांनी नवी घोडी नव्हती घासली." विषय संपला.

मग दर पंधरा दिवसांनी मी डोंबिवलीला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत. मी जमिनीवर चटई टाकून तंबोरा आडवा घ्यायचो. कानस एकदा फिरवायची. तारा चढवायच्या. मिळवायच्या. छेडायच्या. ताई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "नाही." परत तारा उतरवायच्या. एका बैठकीत तीन वेळापेक्षा जास्त नाही, हा माझाच नियम. चौथ्या वेळी कान खुशामत करायला लागतो.

"किती उरलंय?" त्या विचारायच्या.

"शिंग नखाएवढं जाड आहे."

"कुठल्या बोटाच्या?"

"करंगळीच्या."

"मग आज एकदाच फिरवा."

एकदा मी विचारलं, "ताई, मला परत बोलावलंत कशाला? मिरजेचा कोणी चांगला माणूस मिळाला असता."

"त्याने तो आवाज ऐकलेला नाही. ज्याने मोडलं त्याला माहीत असतं काय मोडलंय."

हे मी घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "बाई शहाणी आहे. तुम्हाला शिक्षाही दिली आणि कामाला पण लावलं."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसाळ्यात कानस बंद, कारण दमट हवेत लाकूड फुगतं आणि कान फसतो. दिवाळी झाल्यावर परत सुरू केलं. प्रत्येक वेळी जिना चढताना वाटायचं, आज शिंग तडकणार. कानस टेकवायच्या आधी मी श्वास सोडून थांबायचो, बंदुकीवाले थांबतात म्हणे तसा.

नोव्हेंबरातली एक दुपार. एकदा फिरवली, तारा चढवल्या, छेडल्या. ताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हं. हाच."

त्यांचा चेहरा असा झाला की मी बघू शकलो नाही. ओठ हलत होते, बहुतेक बुवांची एखादी ओळ. मी तारा छेडत राहिलो. आणि मला कळत होतं की हा तो नाही. चांगली बंद जवारी होती, कोणीही वाखाणली असती. पण बुवांच्या खर्जाच्या तारेत, म्हणजे सगळ्यात जाड चौथ्या तारेत, शेवटाला आणखी एक श्वास असायचा. आवाज संपला असं वाटायचं आणि मग तो एक श्वास. तो इथे नव्हता.

त्या वेळेइतका मी आयुष्यात घाबरलो नाही. स्टेजसमोर बोलावलं तेव्हाही नाही. गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं होतं. ताई खूश, मी सुटलो, जानेवारीत हात वर. खरं कोणाला कळणार होतं? मला आणि सुमनला. सुमन हॉलला येत नाही.

माझी बोटं थांबली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ताई, हा तो नाही."

"नाही?"

"नाही. खर्जाचा शेवट नाही आलेला."

ताई खुर्चीच्या हातावर बोट घासत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मला वाटलं हाच. मला आता तो नीट आठवत नाही, जाधव. तुम्ही इतक्या वेळा छेडलात. त्यातला खरा कुठला, ते गेलं माझ्यातून."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं. तो आवाज मंगळवारी घोडीवरून पुसला आणि नंतर पंधरा-पंधरा दिवसांनी येऊन त्यांच्या कानातूनही.

"तुम्हाला आठवतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"तुम्ही वर्षातून एक दिवस ऐकायचात. माझ्याकडे तो आठ-आठ दिवस असायचा. आठवतो."

"मग घासा."

डोळ्याने न दिसणारी बाई, आणि ज्याने एकदा खोटं सांगितलं त्याला सांगतेय की मग घासा. मी कानस उचलली. त्या दिवशी एकदा, नंतरच्या खेपेला एकदा, डिसेंबरात अर्धी. त्यानंतर मी म्हटलं, ताई, आता शिंग संपलं. याच्या पुढे फक्त दोरा.

यंदाच्या जानेवारीत बुवांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. घोडीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "उद्या पडद्याआड उभं राहायचं नाही. माझ्या शेजारी बसा. माझा हात खुर्चीवर असेल. बरोबर असेल तर हाताला बोट लावा. मग मी वर करीन."

"ताई, लोकांना दिसेल."

"दिसू दे. मला तर नाही ना दिसणार."

सुमनने शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. म्हणाली, "पहिल्या रांगेत बसताय. पाय हलवू नका, तुमची खोड आहे."

बसलो. मागे सगळा हॉल भरलेला. डावीकडे मोठमोठे गवई, मधे ताई, आणि कडेला मी. पाय हलत होता. नऊ वाजता जोडी सुरू झाली. पहिलं आवर्तन, दुसरं, तिसरं. ताईंचा हात खुर्चीवर, माझ्या हातापासून वीतभर. डावा बंद होता, दबलेला नव्हता, खाली मान घालून बोलत होता. जवळ आलेला, अगदी जवळ. पण खर्जात थोडी झणझण. स्टेजवर मोठे दिवे होते, त्यांच्या गरमीने दोरा बसला असणार.

दहा आवर्तनं झाली. श्रीकांत कोपऱ्यातून माझ्याकडे बघायला लागला. मागे खुर्च्या करकरल्या. ताईंचा हात तसाच. त्यांनी मान वळवली नाही, विचारलं नाही. लाव बोट आणि मोकळा हो, असं आतून कोणीतरी म्हणत होतं. गेल्या वर्षी फोनवर जो बोलला तोच.

मी उठलो. गुडघा धरून स्टेजच्या पायऱ्या चढलो, वर चपला काढल्या. डाव्या तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीला म्हटलं, "थांब बाळ." ती थांबली. दुसरीही थांबली. कॅमेरे चालूच. मी खाली बसून भोपळ्याला कान लावला, खर्जाच्या तारेखालचा दोरा नखाने सरकवला. जास्त झाला. मागे घेतला. परत सरकवला, निम्म्याने. तार छेडली. परत छेडली. मुलीला खूण केली आणि खाली आलो. उतरताना एक पायरी चुकली, गवयांपैकी एकाने दंडाला धरलं.

जोडी परत सुरू झाली. मी ऐकलं. तो होता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण खर्जाची तार संपली, आणि संपल्यावर काहीतरी होतं. मी तीनदा ऐकलं. तिन्हीदा होतं.

ताईंच्या मनगटाला बोट लावलं.

त्यांनी हात लगेच वर केला नाही. तोंड स्टेजकडेच ठेवून, मला एकट्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "भिऊन सांगताय का ऐकून?"

मी म्हटलं, "दोन्ही, ताई."

हात वर गेला.